आधी पाळणाघर ठरवा, घर त्याच्या मागोमाग येईल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते, म्हणजे मी काय धरून बोलतेय ते स्पष्ट राहील. दीड महिन्यापूर्वी तुम्ही अमरावतीहून पुण्याला आलात. मिस्टरांची हिंजवडीतली नवी नोकरी सुरू झाली आहे, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घरून. तुम्हाला खराडीत नोकरी मिळाली आहे, पाचही दिवस ऑफिस, सहा महिन्यांचं प्रोबेशन, आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी रुजू व्हायचंय. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. त्याला चिंचवडच्या शाळेत प्रवेश मिळालाय. मुलगी अडीच वर्षांची. सगळे सध्या चिंचवडला नणंदेकडे राहताय. सासूबाई सोबत आहेत, पण भाऊबीज झाली की त्या परत जाणार. चार शनिवार-रविवारांत एकोणीस घरं बघून झाली, एकही पसंत पडलं नाही, आणि आता घरात बारीकसारीक गोष्टींवरून आवाज चढायला लागलेत. तुमचा प्रश्न असा की आधी घर घ्यावं, की नोकरीची तारीख पुढे ढकलावी, की मुलीला वर्षभर अमरावतीला आईकडे ठेवावं.

मी एकवीस वर्षं सांगवीत पाळणाघर चालवतेय. तुम्हाला ते लांब पडेल, त्यामुळे माझ्याकडे या असं सांगण्यासाठी हे लिहीत नाहीये. या वर्षांत माझ्याकडे आलेल्या घरांतली निम्मी तरी बाहेरगावाहून बदलून आलेली होती. नागपूर, अकोला, लातूर, इंदूर, हैदराबाद. दाराशी उभं राहून पहिल्या दिवशी काय बोलतात ते मला आता ऐकण्याआधीच कळतं. त्यावरून सांगते. तारीख पुढे ढकलू नका, मुलीला अमरावतीला ठेवू नका, आणि घर शोधणं आठवडाभर पूर्ण थांबवा. त्या आठवड्यात फक्त पाळणाघर शोधा.

बहुतेक जण उलट करतात. आधी घर, मग सामान, मग नोकरी, आणि पाळणाघर सगळ्यात शेवटी, आजी गावाला जायच्या आदल्या दिवशी. घर चांगलं मिळतं, पण त्याच्या जवळचं एकमेव पाळणाघर मनाला पटत नाही. मग मूल रोज पाच-सहा किलोमीटर गाडीवरून नेआण करायचं, पावसात, भूमकर चौकाच्या गर्दीत. वर्षभरात ते घर सोडावं लागतं. घरं या शहरात ढिगाने आहेत. अडीच वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन जेवू घालणारी, जीव लावणारी माणसं मोजकी आहेत. जे कमी आहे ते आधी पक्कं करायचं.

मुलीला आईकडे ठेवायचा विचार का येतो ते मला समजतं. तिथे तिची हेळसांड होणार नाही, उलट लाडच होतील. पण अडीचची मुलगी साडेतीनची होऊन परत येते तेव्हा तिच्यासाठी घर म्हणजे आजीचं घर झालेलं असतं, आणि तुम्ही तिला दुसऱ्यांदा उपटून आणता. माझ्याकडे अशी परत आणलेली मुलं आली आहेत. ती आईला 'आई' म्हणतात, पण लागलं-खुपलं की हाक मारतात ती आजीला. आईच्या डोळ्यात पाणी येतं ते मी पाहिलंय. ज्यांच्यापुढे दुसरा इलाजच नाही त्यांना मी दोष देत नाही. तुमच्यापुढे इलाज आहे.

आता मुख्य मुद्दा, जो तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. दुपारी अडीचला मुलीला ताप भरला तर पाळणाघरातून फोन कोणाला जाणार? माझ्या फॉर्मवर पहिल्या फोनची एक ओळ आहे. एकवीस वर्षांत त्या ओळीवर बाबाचा नंबर मी दहा-बारा वेळाच पाहिला असेल. बाकी सगळीकडे आई, मग ती दोन तासांवर का असेना. तुमच्याकडे मिस्टर आठवड्यातले दोन दिवस घरी आहेत आणि उरलेले तीन दिवस हिंजवडीत. तुम्ही पाचही दिवस खराडीत, तेही प्रोबेशनवर. दोन्ही टोकांमध्ये पंचवीसेक किलोमीटर आणि मधे सगळं शहर. म्हणजे पहिला फोन बाबांना. हे आज रात्री दोघांनी बसून ठरवा, आणि सासूबाईंच्या समोर ठरवा, नाहीतर पुढे 'आई असून आली नाही' हे वाक्य कुणीतरी बोलेल आणि ते तुमच्या मनात वर्षभर रुतून बसेल. मिस्टरांनाही त्यांच्या साहेबांना सांगून ठेवू दे की मुलांसाठी निघावं लागलं तर मी निघेन.

एकदा हे ठरलं की घर कुठे बघायचं ते आपोआप ठरतं. दोघांच्या ऑफिसच्या मध्यावर घर घ्यायचा मोह होतो. शिवाजीनगर, खडकी, बोपोडी. तसं करू नका. मध्यावर राहिलं की दोघंही रोज तास-तास प्रवास करतात आणि मुलांच्या जवळ कोणीच नसतं. एका टोकाला राहायचं, एकाने लांबचा प्रवास पत्करायचा आणि दुसऱ्याने अर्ध्या-पाऊण तासात पोचू शकायचं. लांबचा प्रवास तुमच्या वाट्याला येतोय, म्हणून तो सोसवेल असा कसा करायचा ते बघू.

तुम्ही वाकड, ताथवडे आणि पुनावळ्यातली घरं बघितलीत असं लिहिलंय. मिस्टरांना ती सोयीची, पण तिथून रोज खराडी म्हणजे तुमचे जातायेताचे तीन तास गाडीत जातील. पिंपळे सौदागर आणि रहाटणी बघा. तिथून हिंजवडी दुचाकीने अर्ध्या-पाऊण तासात, जगताप डेअरीवरून. आणि तुम्हाला नाशिक फाट्याचं मेट्रो स्थानक जवळ. पिंपरीकडून स्वारगेटकडे जाणारी गाडी पकडायची, जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून वनाझ-रामवाडी मार्गावर बदलायचं, रामवाडीला उतरायचं. पुढे खराडीपर्यंत रिक्षा, बस किंवा कंपनीची गाडी. वेळ लागतोच, सव्वा ते दीड तास धरा. पण मेट्रोतला दीड तास आणि गाडी चालवत काढलेला दीड तास यात फार फरक आहे. घरी पोचाल तेव्हा अंगात थोडी शक्ती उरलेली असेल, आणि संध्याकाळी साडेसात ते नऊ हीच वेळ तुमच्या मुलांना मिळणार आहे. रुजू होण्यापूर्वी एका कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला हा प्रवास एकदा करून बघा. रविवारी करून उपयोग नाही.

आणखी एक कारण आहे. मुलाची शाळा चिंचवडला आहे. ती आता बदलू नका. सहा आठवड्यांत त्याचं गाव सुटलं, मित्र सुटले, एक शाळा सुटली. पिंपळे सौदागरहून चिंचवडला शाळेच्या बस सहज येतात-जातात. तुमच्या शाळेची बस नेमकी कुठवर जाते ते मात्र शाळेच्या ऑफिसात आधी विचारा, आणि घर त्या रस्त्यावरच बघा. अमरावतीच्या शाळेचा दाखला आणि यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंदीतला त्याचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) नव्या शाळेत चढला का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या. हे राहून गेलं की पुढच्या वर्षी धावाधाव होते.

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत : 'मोठा शहाणा आहे, त्याचा काही त्रास नाही.' या ओळीपाशी मी थांबले. रडणाऱ्या लहानग्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, गप्प बसणाऱ्या मोठ्यांकडे नसतं. माझ्याकडे शाळा सुटल्यावर येणारा एक मुलगा होता, अकोल्याचा, तुमच्या मुलाएवढाच. आला तेव्हा भरभरून बोलायचा. 'मी खेळून राहिलो', 'ताई, तुमी काऊन चिडता' असं. दोन आठवड्यांत तो बोलायचाच थांबला. मान हलवायची, बोट दाखवायचं. आईला वाटलं, पुण्यात येऊन समजूतदार झाला. नंतर कळलं की वर्गात कुणीतरी 'करून राहिलो'ची नक्कल केली होती आणि सगळे हसले होते. त्याने बोली बदलायचा प्रयत्न केला, ती जमेना, म्हणून गप्प बसणं निवडलं. मी त्याच्या वर्गशिक्षिकेला भेटायला आईला सांगितलं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी त्याला वर्गात वऱ्हाडीत एक गोष्ट सांगायला लावली, आणि वर्गाने ती परत सांग म्हणून हट्ट धरला. सगळीकडे असं होईलच असं नाही. पण तुम्ही घरात वऱ्हाडी बोलणं सोडू नका, पाहुण्यांसमोर त्याला 'असं नाही रे, नीट बोल' म्हणू नका, आणि त्याच्या बाईंना एकदा प्रत्यक्ष भेटून या. रात्री दिवा घालवल्यावर, तो आणि तुम्ही दोघंच असताना, अमरावतीच्या कोणाची आठवण येते ते विचारा. 'शाळा कशी चाललीय' असं विचारलं की 'चांगली' एवढंच उत्तर मिळतं.

आता पाळणाघर. बघायला सकाळी दहाला जाऊ नका. तेव्हा सगळीकडेच मुलं न्हाऊन-माखून गाणी म्हणत असतात. साडेबारा-एकला जा, जेवण आणि झोपेच्या वेळेला, आणि दुसऱ्यांदा संध्याकाळी पावणेसहाला, न कळवता. जेवताना बघा : मूल खात नसेल तर ताई काय करते? घास कोंबते, मोबाईल लावून देते, की थोडं थांबून परत विचारते? संध्याकाळी बघा : शेवटी उरलेली दोन-तीन मुलं कुठे आहेत? कोणाच्या मांडीवर आहेत, की दाराकडे तोंड करून एकटी बसलीत? दिवसभराच्या थकव्यानंतर ज्या घरात मुलांशी आवाज चढत नाही ते घर चांगलं.

तिथल्या मावश्या किती वर्षं टिकल्यात ते विचारा. हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. दर तीन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर भिंतीवरची चित्रं कितीही सुंदर असोत, तुमच्या मुलीला दर तीन महिन्यांनी नवीन माणसाची ओळख करावी लागणार. तीन वर्षांखालच्या पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, यापेक्षा जास्त मुलं मी कधी घेतली नाहीत. संडास-बाथरूम बघा, तिथला वास घ्या. बाल्कनीला जाळी आहे का, गॅसची शेगडी मुलांच्या खोलीपासून वेगळी आहे का, झोपायला प्रत्येकाची वेगळी चादर आहे का. घ्यायला कोण येऊ शकतं याची यादी ते लिहून घेतात का? घेत नसतील तर दुसरं शोधा. कॅमेऱ्यावर फार विसंबू नका. तुम्ही खराडीत बसून दिवसभर पडद्यावर बघत राहाल आणि कामही धड होणार नाही. आजारी मुलांचा नियमही विचारा. ताप असलेल्या मुलाला घेत नाही असं सांगणारं पाळणाघर गैरसोयीचं वाटतं, पण तेच तुमच्या मुलीलाही जपत असतं.

आणि हो, ऑफिसातही विचारा. ज्या आस्थापनेत ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली ही तरतूद आली, आणि दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जायची मुभाही तिच्यातच दिली आहे. तुमची मुलगी खराडीत ठेवणं मला पटत नाही, दीड तासाचा प्रवास तिला दोन्ही वेळा नको. पण काही कंपन्या ही सोय बाहेरच्या पाळणाघरांशी करार करून देतात. तसं असेल तर फीमध्ये मदत मिळू शकते. एच.आर.ला लेखी विचारा, यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता जे सगळ्यात तातडीचं आहे ते. सासूबाई आहेत तोवरच मुलीला पाळणाघरात घाला. त्या गेल्यावर नाही. ही चूक मी स्वतः होऊ दिली आहे, म्हणून कळकळीने सांगते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मी आयांना म्हणायचे, आजी आहेत तोवर राहू दे की घरी, काय घाई आहे. मग एका घरात आजी रविवारी रात्री गावाला गेल्या, सोमवारी सकाळी आईची नवी नोकरी सुरू झाली, आणि त्याच सकाळी मूल माझ्या दारात. सव्वादोन वर्षांचा मुलगा. त्याने आत येऊन बूट काढू दिले नाहीत. रडला नाही, हातपाय झाडले नाहीत, फक्त बुटांवर दोन्ही हात ठेवून दाराजवळ बसला. बूट काढले म्हणजे इथे राहावं लागणार, हे त्याला कळलं होतं. जेवला बूट घालून, झोपला बूट घालून. नऊ दिवस. मावशी त्याच्या शेजारी जमिनीवर बसायची, काही न बोलता शेंगा सोलायची. दहाव्या दिवशी त्याने एक बूट स्वतःच काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तेव्हापासून मी कोणालाही एका दिवसात मूल ठेवू देत नाही.

तुम्ही असं करा. पहिले तीन दिवस आजी आणि मुलगी दोघी तासभर तिथे जाऊन बसतील. आजींनी खेळात पडायचं नाही, नुसतं कोपऱ्यात बसायचं. चौथ्या दिवशी आजींनी 'मी भाजी घेऊन येते' सांगून अर्धा तास बाहेर जायचं आणि सांगितलं तसं परत यायचं, भाजी घेऊन. पुढच्या आठवड्यात जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. तुम्ही रुजू व्हाल त्या सोमवारी तिच्यासाठी नवीन एकच गोष्ट असेल, ती म्हणजे आई दिवसभर दिसत नाही. जागा, ताई, वरणभात, झोपायचा कोपरा, सगळं ओळखीचं झालेलं असेल. चिंचवडहून पिंपळे सौदागर रोज रिक्षाने जावं लागेल, तीन आठवड्यांचा तो खर्च करा.

ती रडेलच. दोन ते चार आठवडे सोडताना रडणं ही नेहमीची गोष्ट आहे. मी पालकांना दारातून गेल्यावर किती मिनिटं रडली ते विचारायला सांगते. रोज पाच-दहा मिनिटांत थांबत असेल तर काळजी नको. दिवसभर खात नाही, कोणाला जवळ येऊ देत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यातही तेच, तर थांबून विचार करा. तिची नजर चुकवून कधीही निघू नका. सांगून निघा, ती रडली तरी. न सांगता गेलेल्या आईला मूल दिवसभर शोधतं, आणि मग घरीही एक क्षण सोडत नाही.

आणि आजारपण. पाळणाघरात नव्याने आलेलं मूल पहिले तीन-चार महिने सारखं आजारी पडतं. सर्दी, खोकला, जुलाब, पावसाळ्यात हात-पाय-तोंडावर पुरळ येणारा तो ताप. या वयाच्या मुलांना वर्षात आठ-दहा वेळा सर्दी होणं हे डॉक्टरही सामान्यच मानतात. तुमची सुट्टी प्रोबेशनमध्ये जवळजवळ नसणार, म्हणून मिस्टरांनी दिवाळीला मोठी सुट्टी घेऊन आपली शिल्लक संपवू नये. घराजवळचे बालरोगतज्ज्ञ आजारपण येण्याआधी गाठून ठेवा, अमरावतीचं लसीकरणाचं कार्ड घेऊन एकदा जाऊन या.

आता घर. पाळणाघर ठरलं की त्याच्या भोवती चालत दहा-पंधरा मिनिटांचं वर्तुळ आखा आणि त्याबाहेरचं एकही घर बघू नका. एजंट कितीही म्हणाला तरी. एकोणीस घरं पसंत न पडण्याचं कारण मला हेच दिसतं : कशासाठी बघतोय ते ठरलेलं नव्हतं, म्हणून प्रत्येक घरात काहीतरी कमी वाटत राहिलं.

सध्या पितृपक्ष चालू आहे, घट बसायला अजून आठवडा आहे. या दिवसांत लोक घर बदलत नाहीत, करार करत नाहीत, त्यामुळे मालक थोडे सैल असतात. सासूबाईंचं मन मोडून सही करू नका. पण बघून ठेवायला, बोलणी करायला याच्यासारखे दिवस नाहीत. टोकन घटस्थापनेला द्या. शिवाय पाऊस संपत आलेला असताना भिंतींची ओल दिसते. कपाट थोडं पुढे ओढून मागची भिंत बघा, बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमची भिंत हाताने चाचपा. दिवाळीच्या तोंडावर रंगाचा हात मारला की हे काहीच कळत नाही.

घर कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला बघा. पाण्याचं मालकाला विचारू नका, वॉचमनला विचारा : एप्रिल-मे मध्ये दिवसाला किती टँकर येतात? या भागात बऱ्याच सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये कोणाच्या माथी येतो ते करारात स्पष्ट हवं. नळाच्या तोटीवर पांढरा थर किती साचलाय ते बघा. मिस्टर दोन दिवस घरून काम करतात, तर आतल्या खोलीत उभं राहून फोन लावून बघा.

करार ११ महिन्यांचा असतो म्हणून नोंदणी लागत नाही, असं अजूनही काही जण सांगतात. ते खोटं आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो, प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात अनामत रकमेवर वर्षाला १० टक्क्यांनी काढलेलं व्याजही धरतात. समजा भाडं तीस हजार आणि डिपॉझिट एक लाख, तरी ते हजाराच्या आतच येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट घरी येऊन अंगठे घेतो त्याचे पैसे वेगळे. हा नोंदलेला करार पुढे गॅसला, आधारवरचा पत्ता बदलायला, सगळीकडे लागेल. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायचं मालकाकडून करून घ्या.

करारात दोन गोष्टी वाचाच. एक, लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ, किती आणि तो दोन्ही बाजूंना आहे का. तो मालकालाही लागू हवा, कारण सहा महिन्यांत त्यांनी 'मुलगा परदेशातून येतोय' म्हटलं तर तुम्हाला हे सगळं परत करावं लागेल. दुसरं, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार का आणि किती. ताब्याच्या दिवशी रिकाम्या घराचा मोबाईलवर व्हिडिओ काढून मालकांना तेव्हाच पाठवा. आणि मालकाचं नाव वीजबिलावर किंवा इंडेक्स दोनवर (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघितल्याशिवाय एक रुपयाही ऑनलाइन पाठवू नका. घर दाखवण्यासाठी किंवा गेटपाससाठी आधी पैसे मागणारा प्रत्येक जण फसवणारा समजा.

विकत घ्यायचं तुम्ही शेवटी विचारलंय. पहिलं वर्ष नाही. तुमची नोकरी पक्की व्हायची आहे, मुलाची शाळा रुळायची आहे, आणि या शहरात कुठे राहायला आवडतं हे तुम्हाला अजून माहीत नाही.

नणंदेचं घर. दीड महिना ठेवून घेतलं, हे आजच्या काळात सोपं नाही, आणि त्यांनाही दमायला झालं असणार. त्यांना तारीख सांगा. 'बघतोय घर' ऐकून पाहुणचार करणाऱ्याचा जीव टांगलेला राहतो. 'दसऱ्याला सामान हलवायचं ठरवलंय, फार तर दिवाळीच्या आधीचा आठवडा' असं सांगितलं की त्याच घरात मोकळं वाटायला लागतं. पैसे देऊ केले तर त्या घेणार नाहीत. किराणा तुम्ही भरा, दूध आणि भाजीचं तुमच्याकडे घ्या, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ सगळ्यांनी मिळून बाहेर जा, म्हणजे त्यांना त्यांचं घर तीन तास रिकामं मिळेल.

नव्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात साहेबांना एकदा नीट सांगा की संध्याकाळी सहाला मी निघेन, लागलं तर रात्री नऊनंतर तासभर पुन्हा बसेन. पहिल्या आठवड्यात सांगितलेली वेळ ही तुमची पद्धत मानली जाते. तिसऱ्या महिन्यात सांगितलेली तीच वेळ तक्रार वाटते. घराच्या भानगडी तिथे बोलायची गरज नाही.

सासूबाई निघतील तो दिवस. मुलगी झोपलेली असताना त्यांना निघू देऊ नका, रडेल म्हणून सगळे तसंच सुचवतील. दोन दिवस आधीपासून तिला सांगा, आजी गाडीने अमरावतीला जाणार. बॅग भरताना तिला शेजारी बसवा, एखादं पातळ तिच्या हातून घडी करून बॅगेत ठेवू द्या. आजींचं एक जुनं मऊ पातळ मागून घ्या, चौकोनी कापून शिवून घ्या, आणि पाळणाघरात तिच्या झोपायच्या चादरीबरोबर ठेवायला द्या. ते धुवायची घाई करू नका.